जीर्णोद्धार की खाडाखोड? अभिजात ॲनिमेशनपटांच्या ‘नव्या’ प्रतींविषयी

१/
सिंड्रेलाने नृत्यसमारंभाला घातलेल्या झग्याचा रंग कोणता? प्रश्न बालिश वाटेल. पण उत्तर कोणती प्रत हाताशी आहे यावर ठरते. १९५० साली चित्रपटगृहांत आलेल्या डिस्नेच्या ‘सिंड्रेला’त तो रुपेरी होता. २००५ च्या डीव्हीडीवर आणि २०१२ च्या ब्लू-रेवर तो निळसर झाला. २०२३ च्या फोर-के प्रतीत तो पुन्हा रुपेरी झाला. केसांचा रंगही असाच फिरला. २००५ आणि २०२३ या दोन्ही वेळा जाहिरातीतला शब्द मात्र एकच होता : जीर्णोद्धार.

२/
दोन परस्परविरोधी जीर्णोद्धार एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. म्हणजे मधली अनेक वर्षे जगभरातल्या घरांत जी प्रत ‘मूळ वैभवासह’ म्हणून विकली गेली, ती मूळ नव्हती. हे कोणी सांगितले नाही. वेष्टणावर तशी ओळ नव्हती, चित्रपटापूर्वी तशी पाटी नव्हती. एखाद्या बखरीच्या संपादकाने मजकुरातली नावे बदलून तीच ‘अस्सल’ म्हणून छापली असती, तर इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची सालटी काढली असती. कार्टूनच्या बाबतीत मात्र ही मुभा गृहीत धरली जाते. ती का धरू नये, एवढाच या धाग्याचा विषय आहे.

३/
आधी या पुनःप्रकाशनांचा उगम. ‘स्नो व्हाइट’चा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसला झाला. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, तो पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला आणि पैसे मिळाले. मग पायंडाच पडला : १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७, १९९३. साधारण सात-आठ वर्षांत मुलांची नवी पिढी तयार होते, हा त्यामागचा साधा हिशेब. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात चित्रपट कोणाला दिसत नसे. तो कोणाच्या घरी असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

४/
व्हिडिओ कॅसेट आली आणि हा हिशेब अडचणीत आला. एकदा घरात शिरलेला चित्रपट सात वर्षांनी तिकीट काढून कोण पाहणार? म्हणून कंपनी बिचकत बिचकत पुढे सरकली. १९८४ अखेर ‘रॉबिन हूड’, १९८५ साली सुमारे ८० डॉलरांना ‘पिनोकिओ’, १९८८ साली ‘सिंड्रेला’. ‘स्नो व्हाइट’ची कॅसेट निघायला १९९४ उजाडले. यातून ‘तिजोरी’ची कल्पना रुजली : चित्रपट काही काळ विकायचा, मग बाजारातून काढून घ्यायचा, काही वर्षांनी पुन्हा बाहेर काढायचा. पुढे २००१ पासून ‘प्लॅटिनम’, २००९ पासून ‘डायमंड’, २०१६ पासून ‘सिग्नेचर’ अशी बिरुदे लागत गेली.

५/
या व्यापारात एक पेच दडलेला आहे. ज्याच्या कपाटात कॅसेट आहे त्यालाच डीव्हीडी विकायची, आणि डीव्हीडी आहे त्याला ब्लू-रे. त्यासाठी नवी प्रत जुनीपेक्षा वेगळी आहे हे एका दृष्टिक्षेपात दिसले पाहिजे. अशा तबकड्यांवर पुष्कळदा एक छोटी फीत जोडलेली असे : पडद्याच्या अर्ध्या भागात मळकट जुने चित्र, उरलेल्या अर्ध्यात झळझळीत नवे. नवे चित्र मुळाशी प्रामाणिक आहे काय, हे त्या तुलनेतून कळत नाही. ते जुन्या कॅसेटपेक्षा चकचकीत आहे, एवढेच कळते. प्रामाणिकपणा डोळ्यांना दिसत नाही, चकाकी दिसते. आणि बाजार दिसणाऱ्या गोष्टीचेच दाम देतो.

६/
आता तांत्रिक बाजू, कारण खरा गुन्हा तिथे आहे. त्या काळातील टेक्निकलर ॲनिमेशनपट एका खास पद्धतीने चित्रित होत. प्रत्येक चित्राचे तीन फोटो घेतले जात : लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकेक. हे तिन्ही फोटो कृष्णधवल फिल्मवर एकापाठोपाठ नोंदले जात. रंग छापताना पुढे मिसळले जात. याचा एक मोठा फायदा असा की, रंगीत निगेटिव्हमधले रंगद्रव्य काळाच्या ओघात विटते, तसे कृष्णधवल फिल्ममधल्या चांदीचे होत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म भडका उडणारी आणि नाशवंत, हे खरे. पण जी नीट जपली गेली तिच्यात रंगांची मूळ नोंद आजही वाचता येते.

७/
म्हणजे अनेक अभिजात ॲनिमेशनपटांच्या बाबतीत ‘मूळ कसे होते कोण जाणे’ ही सबब चालत नाही. इतिहासाच्या परिभाषेत बोलायचे तर, इथे अस्सल साधन उपलब्ध आहे. १९९३ साली कोडॅकच्या सिनेसाइट संस्थेने ‘स्नो व्हाइट’ संपूर्णपणे संगणकात घेतला, धूळ-ओरखडे काढले आणि तो पुन्हा फिल्मवर उतरवला. एक अख्खा चित्रपट अशा रीतीने प्रथमच हाताळला गेला. काम मोलाचे होते. रोगापेक्षा औषध भारी पडू लागले ते त्यानंतर, जेव्हा हे यंत्र स्वस्त आणि वेगवान झाले.

८/
२००५ च्या ‘सिंड्रेला’वर लाउरी डिजिटल या संस्थेने काम केले. अशा संगणकीय सफाईचे सूत्र थोडक्यात असे : एका चौकटीची आधीच्या आणि नंतरच्या चौकटीशी तुलना करायची. जे एकाच चौकटीत दिसते आणि शेजारच्या चौकटींत नाही, तो बहुधा कचरा, ते पुसायचे. माणसांना घेऊन चित्रित केलेल्या चित्रपटात हे बरेचसे चालते. हाताने काढलेल्या चित्रांत ते धोक्याचे आहे. कारण तिथे एक चित्र अनेकदा दोनच चौकटी टिकते आणि पुढच्या चित्रात तीच रेष किंचित सरकलेली असते. यंत्राच्या लेखी सरकणारी बारीक रेष आणि उडणारा धुळीचा कण यांत फरक नाही. धुळीबरोबर रेषाही जाते.

९/
‘सिंड्रेला’त तेच झाले. झग्याच्या चुण्या, चेहऱ्यावरची नाजूक रेखा, हालचालीच्या वेळची सूक्ष्म कड, अशा जागा पुसट झाल्या किंवा तुटल्या. फिल्मचे रवे तर समूळ गेले. उरले ते प्लॅस्टिकच्या भातुकलीसारखे गुळगुळीत चित्र.

१०/
या सफाईच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो पोरकट नाही. तो असा : चित्रकाराने काढले ते सेल, म्हणजे पारदर्शक पत्र्यावरचे चित्र. रवे, धूळ, कॅमेऱ्याची थरथर या गोष्टी नंतर शिरल्या. त्या काढून टाकल्या तर चित्रकाराच्या हातातून उतरलेले शुद्ध चित्र मिळेल. ऐकायला हे पटते. पण १९५० साली एकाही प्रेक्षकाने सेल पाहिलेले नाही. स्टुडिओतील रंग फिल्मवर कसे उमटतील याचा अंदाज घेऊनच निवडले जात, आणि पार्श्वचित्रे व पात्रे एकजीव दिसतात ती फिल्मवर आल्यानंतर. कलाकृती म्हणजे फिल्म. सेल हा तिचा कच्चा माल आहे. आणि ‘शुद्ध चित्रा’चा आग्रह धरणाऱ्यांनी चित्रकाराची रेषाच पुसावी, यापुढे तो युक्तिवाद टिकत नाही.

११/
रेषा कोणाच्या होत्या, हेही पाहिले पाहिजे. पेन्सिलीची रेखाटने सेलवर शाईने गिरवण्याचे आणि मागून रंग भरण्याचे काम डिस्नेच्या ‘शाई आणि रंग’ विभागात होई. तिथे जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या. १९३८ च्या सुमारास नोकरी मागणाऱ्या तरुणींना स्टुडिओ लेखी उत्तर पाठवी की चित्रपटनिर्मितीतील सर्जनशील काम पुरुष करतात, स्त्रियांनी करावे ते शाईचे नि रंगाचे. ‘स्नो व्हाइट’च्या गालांवरची लाली याच विभागातल्या हातांनी सेलमागून सेल चढवली. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नाहीत.

१२/
१९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून झेरॉक्स पद्धत रुळली. अब आयवर्क्सने ती स्टुडिओसाठी जुळवून घेतली होती. पेन्सिलीचे रेखाटन थेट सेलवर छापले जाऊ लागले आणि शाईकाम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांची गरज संपली. म्हणजे त्यांचे नाव आधी छापले गेले नाही, मग काम गेले, आणि २००५ मध्ये त्यांच्या हातची जी एक गोष्ट शिल्लक होती, ती शाईची रेषा, तीही ‘कचरा’ ठरून गेली. जीर्णोद्धार म्हणतात तो हा.

१३/
झेरॉक्सच्या रेषेलाही न्याय मिळालेला नाही. ती रेष खरखरीत, काळी, थोडी विस्कळीत. तिच्यात ॲनिमेटरच्या पेन्सिलीचा दाब दिसतो. काहींना ती आवडत नाही, आणि तिच्यात सिंड्रेलाच्या काळातला मुलायमपणा नाही हे मान्यच करावे लागेल. पण १९६३ च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’चे मोल त्याच रेषेत आहे. २०१३ साली त्याची पन्नास वर्षे साजरी करणारी ब्लू-रे निघाली. तिच्यावर सफाईचा इतका मारा झाला होता की रेषा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. सुवर्णमहोत्सवाची भेट म्हणून कंपनीने चित्रपटाच्या हस्ताक्षरावर बोळा फिरवला.

१४/
महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दृश्य नवे नाही. काळ्या पाषाणाच्या जुन्या मंदिराला ऑइलपेंट फासणे, शिल्पांवर सिमेंट लिंपणे, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसवणे, आणि दारावर ‘जीर्णोद्धार’ची संगमरवरी पाटी लावणे. करणाऱ्यांची भावना खोटी नसते. पण शतकांपूर्वीच्या छिन्नीचा घाव त्या रंगाखाली बुजतो. दगडावरचा रंग निदान खरवडता येतो. बाजारात गेलेल्या लाखो तबकड्यांवरची पुसलेली रेष परत आणता येत नाही.

(मुंबईचा एक दुवा इथे सांगण्याजोगा आहे. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले; राम मोहन आणि त्यांच्या पिढीने त्यांच्याकडून धडे घेतले आणि १९५७ साली ‘द बनियन डियर’ तयार झाला. हॉलिवूडमधली ती हाताची रेष इथल्या ॲनिमेशनच्याही घराण्यातली आहे.)

१५/
चौकटीची मोडतोड हा जुना रोग. १९५६ साली ‘फँटेशिया’ रुंद पडद्याच्या हौसेपायी ताणून दाखवला गेला. फ्लायशर बंधूंचा १९३९ चा ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ २००९ च्या ब्लू-रेवर रुंद टीव्हीत बसावा म्हणून वरून-खालून कापला गेला. राक्षसाएवढ्या माणसाची गोष्ट, आणि त्याची उंचीच छाटली. यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

१६/
‘फँटेशिया’चे प्रकरण मात्र थांबून पाहावे असे आहे. १९४० च्या या चित्रपटात संगीत-समीक्षक डीम्स टेलर प्रत्येक रचनेची ओळख करून देतात. २००० साली मूळ दीर्घ आवृत्ती म्हणून डीव्हीडी निघाली. टेलरच्या काही निवेदनांचा ध्वनी खराब झाला होता, म्हणून तेवढा भाग दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात भरणे समजण्यासारखे होते. पण आवाज जुळावा यासाठी सगळेच निवेदन कोरी बर्टन यांच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित झाले, जे शाबूत होते तेसुद्धा. पडद्यावर टेलर ओठ हलवतात आणि आवाज त्यांचा नाही. फाटक्या पोथीची चार पाने नव्याने लिहावी लागली, म्हणून अख्खी पोथी नव्या अक्षरात उतरवायची आणि जुनी म्हणून खपवायची, असा हा न्याय.

१७/
याच चित्रपटात सनफ्लॉवर होती. बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीवरच्या प्रवेशात गोऱ्या अश्वकन्यांच्या टापा पुसणारी, नटवणारी, कृष्णवर्णीय मुलीचे विडंबन असलेली लहानशी अश्वकन्या. चित्रण अपमानकारक आहे यात शंका नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिची दृश्ये कापली गेली. पुढच्या आवृत्त्यांत कापण्याऐवजी चित्र मोठे करून तिला चौकटीबाहेर ढकलण्याची युक्ती निघाली. परिणामी जिची सेवा चालली आहे ती अश्वकन्या तेवढी चौकटीत उरते. काम करून घेणारी दिसते, काम करणारी दिसत नाही. १९४० च्या अमेरिकेतील वंशव्यवस्थेवर याहून बोचरे भाष्य कोणी ठरवून केले नसते.

१८/
त्याच प्रवेशात मद्यदेवाच्या दिमतीला आणखी दोन कृष्णवर्णीय दासी आहेत, अर्ध्या झेब्रा. त्या कापल्या गेल्या नाहीत. म्हणजे निकष अपमानाचा नव्हता. तक्रार होण्याजोगे काय आणि खपून जाण्याजोगे काय, हा निकष होता. नैतिक शुद्धीकरणाचा आव आणणाऱ्यांनी या दोघींचे काय ते सांगावे.

१९/
‘टॉम अँड जेरी’तील मोलकरीण मराठी घरांतही ओळखीची आहे, बहुतेकांनी तिचे फक्त पाय पाहिले असतील. तिला आवाज देत होत्या लिलियन रँडॉल्फ, कृष्णवर्णीय अभिनेत्री. त्या कार्टूनपटांवर त्यांचे नाव नसे. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी काही कार्टूनपटांत तिच्या जागी सडपातळ गोरी स्त्री चितारली गेली. १९९० च्या दशकात पात्र ठेवून रँडॉल्फ यांचा आवाज काढला गेला आणि दुसऱ्या अभिनेत्रीचा घातला गेला. पात्र वांशिक ठोकळ्यातून घडले होते, हे निर्विवाद. पण दुरुस्तीच्या या दोन तऱ्हांत निर्मात्यांची इभ्रत राखली गेली आणि जिच्यावर तो ठोकळा लादला होता त्या कलावतीचे काम तेवढे बाद झाले.

२०/
इथे एक प्रतिवाद येतो : ही मुलांची करमणूक आहे, चार वर्षांच्या मुलापुढे टिपा-तळटिपा ठेवायच्या काय? प्रश्न रास्त आहे. मुलांसाठी वेगळी प्रत काढायला कोणाचीही हरकत नसावी. १९९३ मध्ये अरब-अमेरिकन संघटनेच्या निषेधानंतर ‘अलादिन’च्या सुरुवातीच्या गाण्यातली एक क्रूर ओळ व्हिडिओ प्रतीत बदलली गेली, ती बदलली हे बरेच झाले. ‘थ्री लिटल पिग्ज’मधला लांडग्याचा ज्यू फेरीवाल्याचा सोंगी वेश तर कंपनीने १९४८ च्या पुनःप्रदर्शनापूर्वीच नव्याने चितारून काढला होता. बदलावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो बदल लपवण्यावर आणि बदललेल्या प्रतीशिवाय दुसरी प्रत जगात राहू न देण्यावर.

२१/
‘दुसरा मार्ग नाही’ असेही म्हणता येणार नाही. मार्ग याच कंपन्यांनी घालून दिला आहे. २००४ साली डिस्नेने ‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ या मालिकेत युद्धकालीन प्रचारपट काढले. त्यात हिटलरची टर उडवणारा, ऑस्कर मिळालेला ‘डर फ्यूरर्स फेस’ होता, आणि चित्रपट-इतिहासकार लेनर्ड मॉल्टिन यांची समजावणी होती. २००५ साली वॉर्नरने ‘लूनी ट्यून्स’च्या संचापूर्वी हूपी गोल्डबर्ग यांचे निवेदन जोडले : यातले काही तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहे, पण ते लपवले तर असा पूर्वग्रह कधी नव्हताच असे म्हटल्यासारखे होईल, या आशयाचे. दोन मिनिटांचे काम. आभाळ कोसळले नाही.

२२/
उलट २०१३ साली ‘टॉम अँड जेरी’च्या नव्या ब्लू-रे संचातून ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ ही दोन कार्टूने वगळल्याचे कळले, संग्राहकांनी ओरड केली, आणि वॉर्नरने तो संचच रद्द केला. दोन कार्टूनांसाठी बाकीचीही गेली. यात संग्राहकांचाही थोडा दोष आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांना इतिहासापेक्षा आपले बालपण जपायचे असते. १९८८ च्या कॅसेटवरचा पिवळट रंग हाच त्यांना ‘खरा’ वाटतो, कारण तो त्यांनी आजीच्या घरी पाहिला. आठवण हे साधन आहे, पण दुय्यम दर्जाचे. निगेटिव्ह एक सांगत असेल आणि आठवण दुसरे, तर निगेटिव्हचे ऐकावे लागते.

२३/
मग करायचे काय? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. जो पाठ स्वीकारला तो वर छापला. जे नाकारले ते फेकून दिले नाही, पानाच्या तळाशी पाठभेद म्हणून नोंदवले, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत दिले. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला त्याच पानावर पुरावा मिळतो. ‘सिंड्रेला’ हे महाभारत नव्हे, हे सांगायला पंडित लागत नाही. पण कोणत्या फिल्मवरून प्रत घेतली, रंग कशाशी ताडले, कोणती चौकट बदलली, कोणता आवाज भरला, एवढे अर्ध्या पानात छापता येते. अब्जावधींच्या उद्योगाला तेवढी शाई परवडावी.

२४/
चांगली उदाहरणे आहेत. लोट्टे रायनिगरच्या १९२६ च्या ‘प्रिन्स अख्मद’ या छायाकृतींच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह उरलेली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन आणि ब्रिटिश अभिलेखागारांच्या सहकार्याने एका जुन्या नायट्रेट प्रतीवरून तो रंगछटांसह उभा केला गेला आणि प्रत कशावरून केली ते सांगितले गेले. २००७ च्या ‘पॉपाय’ संचाने टीव्ही वितरकांनी काढून टाकलेल्या मूळ नामपट्ट्या परत बसवल्या. २०२३ च्या ‘सिंड्रेला’साठीही मूळ निगेटिव्ह आणि जतन केलेले सेल ताडून पाहिले गेले, रवे राहू दिले गेले, रेषा परतल्या, बर्लिनच्या महोत्सवात ती प्रत दाखवली गेली. काम उत्तम आहे. फक्त २००५ ची प्रत चुकली होती, हे एक वाक्य कोणी उच्चारले नाही.

२५/
आणि आता पुढची अडचण. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झाले आणि तिजोरी उघडली, असा गाजावाजा झाला. पण तबकडी विकत घेणाऱ्याच्या घरात राहते. प्रवाहसेवेवरची प्रत कंपनीच्या घरात राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नवी ‘सिंड्रेला’ आली आणि जुनी बाजूला झाली. या वेळी बदल चांगल्यासाठी होता. पुढच्या वेळी तो उलट दिशेने झाला तर ताडून पाहायला हाताशी काय असेल? २०२३ साली कंपनीने ऑस्ट्रेलियात तबकड्यांची विक्री थांबवली, २०२४ साली अमेरिकेतील तबकड्यांचे काम सोनीकडे सोपवले. २००५ ची बिघडलेली डीव्हीडी निदान बिघाडाचा पुरावा म्हणून कपाटात आहे.

२६/
शेवटी ज्याची अधिकृत प्रत अमेरिकेत कधी निघालीच नाही, त्याविषयी. ‘साँग ऑफ द साउथ’, १९४६, माणसे आणि ॲनिमेशन यांचा मिलाफ. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेचे त्यातले गोडगोजिरे चित्र खोटे आहे. १९८६ नंतर तो अमेरिकेत चित्रपटगृहांत आला नाही. २०२० साली कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर यांनी भागधारकांच्या सभेत तो आजच्या जगात योग्य नाही आणि प्रवाहसेवेवर येणार नाही असे सांगितले. त्यातील अंकल रीमस साकारणारे जेम्स बॅस्केट. अटलांटातील पहिल्या खेळाला वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना येता आले नाही. मार्च १९४८ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष अभिनेते. त्याच वर्षी जुलैत ते वारले.

२७/
ज्या कामासाठी त्यांना तो पुरस्कार मिळाला ते आज पूर्ण पाहायचे असेल, तर जुनी ब्रिटिश कॅसेट किंवा जपानी लेसरडिस्क शोधावी लागते, नाहीतर चोरीची प्रत. अमेरिकी कायद्याप्रमाणे ‘स्नो व्हाइट’चा स्वामित्वहक्क १ जानेवारी २०३३ रोजी संपेल आणि ‘साँग ऑफ द साउथ’चा १ जानेवारी २०४२ रोजी. त्या दिवशी प्रती काढण्याची मोकळीक सर्वांना मिळेल. निगेटिव्ह कोणाला दाखवायची हे मात्र तेव्हाही ज्याच्याकडे ती आहे तोच ठरवणार.